चार वर्षांची मुळं

साबणाची वडी मागायला फूसी नणंदेच्या दारात उभी राहिली, तेव्हा तिच्या कमरेला सव्वाशे पाआंगांच्या नोटा बांधलेल्या होत्या. त्या मोडायच्या नव्हत्या. म्हणून ती दहा मिनिटं उन्हात उभी होती आणि कालोलाइने आत पाहुण्या बायकांना चहा ओतत होती. फूसी दिसत नव्हती असं नाही. दिसत होती म्हणूनच चहा सावकाश ओतला जात होता.

“काय गं?” शेवटी कालोलाइने म्हणाली.

“वन्सं, साबनाची वडी असंल का? पोरींचं धुनं पडलंय.”

“शुक्रवारी मीठ नेलंस. त्याच्या आदी काडेपेटी. नवरा तिकडं टोमॅटो तोडतोय का नुसता खातोय?”

पाहुण्या बायका हसल्या. फूसीही हसली, हसावंच लागतं. कालोलाइनेनं अर्धी वापरलेली वडी आणून तिच्या हातावर ठेवली आणि सांगितलं, “आनि टाकीच्या तोटीला हात लावू नगंस. पानी सरलंय. ओढ्यावर जा.”

टाकीत पाणी होतं. चार महिने एउआ बेटावर पाऊस नव्हता आणि ओढा तीन मैल खाली होता, तरी टाकी कालोलाइनेची, जमीन कालोलाइनेच्या नवऱ्याची, आणि त्या जमिनीच्या कोपऱ्यात पत्रे ठोकून उभं केलेलं फूसीचं घर हे कालोलाइनेच्या उपकारावर उभं होतं. फूसीचा नवरा पेनी धाकटा. बापाची जमीन थोरल्या भावाला गेली, थोरला अमेरिकेत गेला. धाकट्याला बहिणीच्या कुंपणात राहायला मिळालं, हेच नशीब म्हणायचं अशी गावाची समजूत होती. फूसीची नव्हती.

इथं भावाच्या घरात जे असेल ते आधी बहिणीचं असतं. ती मागत नाही, नेते. भाऊ नाही म्हणत नाही. नाही म्हणणं राहिलं दूर, बहीण बसली असेल त्या खोलीत तो पायही ठेवत नाही, एवढा तिचा मान. पहिल्या हंगामाला पेनी क्वीन्सलंडच्या टोमॅटोच्या मळ्यात सात महिने वाकून परत आला तेव्हा त्यानं यांत्रिक करवत आणली होती, टीव्ही आणला होता, रोकड आणली होती. तीन आठवड्यांत करवत कालोलाइनेच्या नवऱ्याच्या खांद्यावर गेली, टीव्ही तिच्या खोलीत गेला, आणि रोकड तिच्या लेकाच्या वाढदिवसाच्या मांडवाखाली डुकरांबरोबर भाजली गेली. पेनी मांडवात सगळ्यांना वाढत होता आणि त्याचा चेहरा अभिमानानं फुलला होता. फूसीनं त्या दिवशी दात आवळले ते अजून सोडले नव्हते.

दुसऱ्या हंगामाला जाताना दोघांनी ठरवलं की आता मिळून गरीब राहायचं. तिकडून पेनी सगळ्यांना सांगणार, खोलीचं भाडं कापतात, बसचं कापतात, हातात काही उरत नाही. इकडे फूसी मीठ मागत हिंडणार. खरा पैसा तिकडच्याच बँकेत पडून राहणार. आणि एकानं जे खायचं नाही ते दुसऱ्यानंही खायचं नाही. त्यानं मटण सोडलं, हिनं डब्यातलं मटण सोडलं. त्यानं सिगारेट सोडली, हिनं साखर सोडली. रविवारी फोन व्हायचा तो कालोलाइनेच्या ओट्यावर, सगळ्यांसमोर, आणि त्यात दोघं खोटं बोलायची. खरं बोलायला फूसी शुक्रवारी कसाव्याच्या शेतावरून वर डोंगराच्या धारेवर चढायची, तिथं रेंज यायची.

“आज काय खाल्लंस?” तो विचारायचा.

“उकडलेला कसावा.”

“मी पाव. कोरडा.”

“खरं सांग.”

“आईशप्पथ. फोरमननं पोरांना कोंबडी आनली हुती. मी म्हनलं पोट बिघडलंय.”

तेव्हा फूसीला तो फार जवळचा वाटायचा. लग्न झाल्यापासून एका छपराखाली असतानाही त्यांचं एवढं जमलं नव्हतं. टोमॅटोच्या चिकानं त्याचे हात काळे पडले होते, ते घासूनही निघत नाहीत असं तो सांगायचा. ती आपले हात बघायची. पांदानची केवड्यासारखी काटेरी पानं सोलून, दुसऱ्यांच्या चटया मजुरीनं विणून तिची बोटं चिरलेली होती. दोन्हीकडचे हात मिळून एक जमीन घ्यायला निघाले होते.

जमीन म्हाताऱ्या हेफाची. त्याची पोरं ऑकलंडला स्थायिक झालेली, त्यालाही तिकडे जायचं होतं. वीस वर्षांच्या भाडेपट्ट्यानं तो द्यायला तयार होता, आठ हजार रोख. आणि पट्टा फूसीच्या नावावर व्हायचा होता. ही फूसीचीच युक्ती. पेनीच्या नावावर काहीच नाही म्हटल्यावर पेनीची बहीण नेणार काय? कालोलाइनेचा हक्क भावावर चालत होता, भावजयीच्या नावाच्या कागदावर नाही. त्या ठरवण्यानंतरच्या दोन हंगामांत साडेसात हजार जमले होते. आणखी एक महिना, मग मीठ मागणं संपणार होतं.

आणि मधेच मिसिनाले आलं.

मिसिनाले म्हणजे वर्षातून एकदा चर्चला द्यायचं देणं. एकेका घराचं नाव पुकारतात, घर पुढं जातं, मेजावर पैसे ठेवतं, आकडा सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचतात, बँड वाजतो. फूसीनं कमरेचे सव्वाशे ठेवले. आकडा वाचला गेला तेव्हा बँडवाल्यांनी अर्धवटच वाजवलं. कालोलाइने पुढच्या बाकावर बसली होती, तिची मान लाल झालेली मागून दिसत होती. फूसी मुलींचे हात धरून जागेवर आली. लाज वाटली, पण सव्वाशेच गेले याचं समाधान त्याहून मोठं होतं.

शेवटी पाद्री म्हणाले, “आता आपल्या तिकडच्या लेकरांचं बगू. काल संध्याकाळी त्यांनी मळ्यावर मिसिनाले केलं, त्याचं चित्रीकरण धाडलंय.”

भिंतीवर पांढरी चादर ताणली. चादरीवर कामगारांची खोली दिसली, पांढरे सदरे, कमरेला सणावारी गुंडाळतात त्या विणलेल्या चटया. गावातल्या बायका आपापल्या नवऱ्यांना बघून ओरडायला लागल्या. एकेक नाव पुकारलं जाऊ लागलं. हजार. बाराशे. काफोआ, ज्याला गावात कोणी बकरीही राखायला देत नसे, त्यानं दीड हजार दिले आणि इथं त्याची म्हातारी आई उठून नाचली.

मग पेनीचं नाव पुकारलं गेलं. फूसीनं मनात म्हटलं, बस. पन्नास ठेव आणि बस.

पेनी उभा राहिला. वाळला होता. सदरा खांद्यावरून लोंबत होता. त्यानं मेजापाशी जाऊन खिशातून गठ्ठा काढला आणि घसा साफ करून म्हणाला, “माज्या थोरल्या बहिनीच्या नावानं.” आकडा वाचणाऱ्याचा आवाज चढला. “दोन हजार!”

चर्चभर टाळ्या पडल्या. कालोलाइने उठली, दोन्ही हात पसरून नाचू लागली, डोळ्यांतून पाणी गळत होतं. बायका रीतीप्रमाणे तिच्या दंडाला नोटा चिकटवायला धावल्या. नाचता नाचता ती वळली आणि तिनं फूसीकडे पाहिलं. त्या नजरेत दोन वर्षांचं मीठ होतं, काडेपेट्या होत्या, साबण होता. तिनं सगळं मोजून घेतलं आणि पुन्हा नाचायला लागली.

फूसी शुक्रवारपर्यंत थांबली नाही. तशीच चर्चच्या कपड्यांनिशी धारेवर चढली.

“उभा का राह्यलास?”

“नाव पुकारलं फूसी.”

“पुकारंना. पन्नास ठेवायचं ठरलं हुतं.”

“काफोआनं दीड हजार दिलं. काफोआनं! सगळी माज्याकडं बगत हुती. मी पन्नास ठेवून बसू? आमच्या घरान्याचं नाव—”

“मी बसले न्हाई का? आज सव्वाशे ठेवून बसले. दोन वर्सं साबन मागत बसले. तुजी बहीन चहा ओतती आनि मी उन्हात उभी. तुला एक संध्याकाळ बसवलं न्हाई?”

मग तो म्हणाला, “तुला काय कळतंय? तू हितं नव्हतीस.”

“न्हाई नव्हते. तूबी हितं न्हाईस. तेवढ्यासाठीच तर समदं चाललंय.”

तिनं फोन बंद केला. दोन हजार गेले यापेक्षा तो सुखानं उभा राहिला होता हे तिला जास्त झोंबलं होतं. चादरीवर त्याचा चेहरा तिनं नीट पाहिला होता. मांडवात वाढताना होता तसाच.

मंगळवारी कालोलाइने आली. बरोबर दोन बायका. चटईच्या मधोमध बसली. फूसी दाराशी, खाली.

“मी काय रागावले न्हाई,” कालोलाइने म्हणाली. तिचा आवाज मऊ होता. “नवराबायकोत काय ठरलंय ते तुमचं तुमी जाना. पन माज्या दारात मीठ मागायला येत हुतीस, तवा मला किती वाईट वाटायचं ठावं हाय? मी नवऱ्याला म्हनायची, आपली भावजय उपाशी हाय.”

“व्हय वन्सं.”

“आता पोरीचं लगीन हाय. तीन हजार लागतील. पेनीला सांग.”

फूसी म्हणाली, “तुमीच सांगा की.”

दोघी बायकांनी खाली पाहिलं. कालोलाइने हसली. “भावाशी मी पैशाचं बोलू? शरम सोडली का मी? तसलं बोलायला घरात दुसऱ्याची लेक आनलीया.” उठता उठता तिनं मागच्या कुडाकडे हात केला. “ती डुकरीन आजच न्हेते. मांडवाला हुईल. बांधून द्या गं.”

डुकरीण गाभण होती. फूसीनंच तिचे पाय बांधून दिले, कारण त्या बायकांना नीट बांधता येत नव्हते आणि डुकरीण किंचाळत होती. गाठ मारताना तिनं दोर इतका आवळला की तिच्याच बोटांच्या चिरा उघडल्या.

तिनं पेनीला निरोप सांगितला नाही. तीन दिवस सांगितला नाही. ओढ्यावरून पाणी आणलं, कसावा खणला, चटई विणली आणि तोंड मिटून ठेवलं. नाही म्हणायची हीच एक तऱ्हा तिच्यापाशी होती. गुरुवारी ती बंदरावर मजुरीच्या चटया पोचवायला गेली, तर पैसे पाठवायच्या दुकानापुढं रांग होती आणि रांगेच्या तोंडाशी कालोलाइने उभी होती. खिडकीतली पोरगी पेनीनं धाडलेल्या तीन हजारांच्या नोटा मोजत होती. कालोलाइने त्या दोनदा मोजून घेत होती. चर्चच्या कारभाऱ्याकरवी मळ्यावरच्या फोरमनला निरोप गेला होता, तुझ्या माणसाच्या बहिणीला गावात तोंड दाखवायला जागा उरली नाही. फोरमननं तो सगळ्यांच्या जेवणाच्या वेळी सांगितला होता.

“फूसी, ती रडत हुती म्हनं,” पेनी फोनवर म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. “पुढच्या हंगामाला जमवू. म्हातारा थांबंल.”

“म्हाताऱ्याच्या पोरांनी तिकीट धाडलंय. मंगळवारच्या बोटीनं चाललाय.”

“मग दुसरी जमीन बगू.”

“तू बग. तितं टोमॅटोत.”

हेफाकडे ती त्याच संध्याकाळी गेली. म्हातारा सामान बांधत होता. अडीच हजार आता, बाकी पुढच्या वर्षी, असं तिनं सांगून पाहिलं. त्यानं मान हलवली. वाईट वाटून हलवली, पण हलवली. “पोरी, दुसरं गिऱ्हाईक सोमवारी येनार हाय. त्याच्या आदी आनलंस तर तुजी. न्हाई आनलंस तर मी काय करू?”

तिनं त्याच्या बांधावर उभं राहून जमीन बघितली. काळी माती, एवढ्या दुष्काळातही खाली ओलसर. एक कोपरा असा होता की तिथून कालोलाइनेचं छप्पर दिसतच नव्हतं. तिथं घर बांधायचं तिनं पेनीशी बोलून ठरवलं होतं, दार कुठल्या बाजूला हेसुद्धा. तिनं तिथं अंधार पडायच्या आत रडून घेतलं आणि ती घरी गेली.

शनिवारी पहाटे मुलींना शेजारी ठेवून, लोखंडी टोकाची पहार खांद्यावर टाकून ती बेटाच्या दुसऱ्या टोकाला आपल्या माहेरच्या गावी निघाली.

फूसीलाही एक भाऊ होता. माफू, पाठचा. तो न्यूझीलंडला किवीच्या बागेत. त्याची बायको तोआकासे दोन पोरं घेऊन गावात. नाताळात फूसी गेली होती तेव्हा तोआकासे अनवाणी होती, पोरांच्या चड्ड्यांना ठिगळं होती, आणि तिनं फूसीसमोरच शेजारणीकडे मीठ मागितलं होतं. ते मागणं इतकं मोकळ्या आवाजात होतं की फूसी लगेच काय ते समजली होती. खऱ्या अडचणीतलं माणूस असं मागत नाही. ती तेव्हा काही बोलली नाही. पण येताना रानातून आडवाटेनं आली आणि केळीच्या मागं, बाहेरून दिसणार नाही अशी, कावाची साठेक झाडं तिनं पाहिली. सरळ ओळी, पायाशी पाला घातलेला, गुडघ्याएवढ्या जाड बुंध्यांची. मुळं कुटून पुरुष संध्याकाळी पितात तो हा कावा, आणि चार वर्षांच्या मुळांना बंदरावर सोन्याचा भाव होता. माफूचा सगळा पैसा तिथं जमिनीखाली मोठा होत होता.

भावाच्या शेतात जायला बहिणीला कुणाला विचारावं लागत नाही. फूसीनं कुणाला विचारलं नाही. केळीच्या मागं गेली, पाला बाजूला सारला आणि पहिल्या झाडाच्या बुडाशी पहार घातली.

माती दगड झाली होती. पहार उसळून हाताला झिणझिण्या येत होत्या. पहिलं झाड निघायला अर्धा तास लागला आणि निघालं ते अर्धं, मोठी मुळं मोडून आतच राहिली. दुसरं तसंच. मोडलेल्या मुळांना व्यापारी निम्मा भाव देतात हे तिला माहीत होतं, पण घाई होती आणि हात थांबत नव्हते. घाम डोळ्यांत जात होता. पाचव्या झाडाला तिच्या पाठीमागे पाला वाजला.

तोआकासे उभी होती. हातात कोयता, काखेला धाकटं पोर. तिनं उपटलेली पाच झाडं बघितली. मोडलेल्या मुळांचे पांढरे तुकडे मातीत पडले होते, तेही बघितले.

“वन्सं,” ती म्हणाली. “कवा आलात? घरी तरी यायचं.”

“घाई हाय,” फूसी म्हणाली.

“पानी आनू?”

“आन.”

तो शब्द फूसीच्या तोंडून जसा निघाला तसा तिनं आयुष्यात काढला नव्हता. तिला शरम वाटली, आणि खोटं कशाला बोला, बरंही वाटलं. तोआकासेनं पोर सावलीत ठेवलं, पाणी आणलं, उकडलेला कसावा आणला, पानावर मांडला. मग हात जोडून बाजूला बसली, जशी बसायची रीत आहे तशी. फूसी खणत राहिली. सहावं झाड मोडलं. तोआकासेच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला.

“किती पायजेत?” तिनं विचारलं.

“साडेपाच हजारांची.”

तोआकासेनं ओळींवरून नजर फिरवली. ओठ हलले. “चाळीस झाडं. असं मोडत काढलं तर साठबी पुरायची न्हाईत.”

“माती लई कठीन हाय.”

“माती कठीनच हाय. चार वर्सं ओढ्याचं पानी घालतीया मी, हंड्यानं. बाजूनं खनायचं असतं, वरून न्हाई.” ती उठली. “द्या हिकडं.”

फूसीनं पहार दिली. तोआकासेनं कपडा कमरेला खोचला आणि सातव्या झाडापासून हातभर लांब, तिरपी पहार घातली. हळूहळू माती सोडवली, मग गुडघ्यावर बसून बोटांनी एकेक मूळ मोकळं केलं. झाड पूर्ण निघालं, मुळांचा पसारा एक हात लांब. तिनं ते झटकलं आणि फूसीच्या पायाशी ठेवलं. मग आठवं. मग नववं. तिच्या मानेवरून घामाचे ओघळ वाहत होते.

दुपारी उन्हं तापली तेव्हा बावीस झाडं निघाली होती. फूसीनं दोनदा म्हटलं, “आता मी खनते.” तोआकासेनं ऐकलं नाही. मग फूसी सावलीत बसून राहिली. पोर तिच्याकडे बघत होतं. तिनं त्याला कसाव्याचा तुकडा पुढं केला, त्यानं घेतला नाही.

“कशाला लागले पैसे?” तोआकासेनं पाठमोरीच विचारलं.

“जमीन घेतीया. माज्या नावावर.”

“बरं झालं.”

“माफूला सांग, मी फेडीन.”

हे खोटं होतं आणि दोघींना माहीत होतं. बहीण फेडत नसते. तोआकासेनं पहार मातीत रोवली, तिच्यावर भार देऊन उभी राहिली, आणि पहिल्यांदा सरळ फूसीच्या डोळ्यांत बघितलं.

“त्याला मी आज काय खाल्लं ते सांगत असते रोज,” ती म्हणाली. “आज काय सांगू ते बगते.”

फूसीला बोलायचं होतं. तुझं नि माझं एकच आहे, मला माहीत आहे, मीही तेच केलंय, असं काहीतरी. पण ते कुठल्या तोंडानं बोलणार? चाळीस झाडं व्हायला अजून अठरा बाकी होती आणि ती मोजत होती.

तोआकासे पुढच्या ओळीकडे वळली. पहार उचलली. मग फूसीकडे न बघता म्हणाली, “मलाबी एक भाऊ हाय वन्सं, हाआपाई बेटावर. त्याची बायको गाई पाळती.” आणि तिनं पहार घातली.